शत्रूची राजधानी घेतल्यावर नेमके काय मोडते?

नौपाडेकर | रविवार, सकाळी ९:४०

फ्रीसिव्ह हा खेळ येथील बऱ्याच जणांना ठाऊक असेल. डेन्मार्कमधील ऑर्हूस विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी १९९५ साली सुरू केलेला, राज्य उभारण्याच्या ‘सिव्हिलायझेशन’ या संगणकखेळाच्या धर्तीवरचा आणि फुकट मिळणारा हा खेळ आम्ही चौघे मित्र दर शनिवारी संध्याकाळी ठाण्याच्या नौपाड्यात माझ्या घरी खेळतो. सर्व्हर माझ्या जुन्या लॅपटॉपवर चालतो. एक जण ऐरोलीहून येतो, एक खारघरहून, आणि चौथा माझ्याच इमारतीत सातव्या मजल्यावर राहतो. खारघरकरांना पनवेलची गाडी गाठायची असल्यामुळे डाव साडेदहाला थांबवायचा, हा आमचा एकमेव न बदलणारा नियम आहे.

काल जे घडले ते थोडक्यात असे. ऐरोलीकरांची सतरा शहरे होती आणि त्यांची राजधानी माझ्या सरहद्दीपासून नकाशावरच्या सहा घरांवर, टेकडीवर, तटबंदीसह उभी होती. मी तिला अकरा पाळ्या वेढा घालून बसलो होतो. नऊ तोफा नेल्या होत्या, त्यांतील सहा तटाखाली संपल्या. शेवटचा बंदूकधारी पडला तेव्हा दहा वाजून पाच मिनिटे झाली होती. पाळी बदलताच मी घोडदळाची तुकडी आत घातली, राजधानी माझ्या रंगाची झाली, त्यांच्या खजिन्यातला काही हिस्सा माझ्याकडे आला, एक तंत्रज्ञानही हाती लागले, आणि त्याच क्षणी चौघांच्याही पडद्यावर यादवीचा संदेश उमटला.

ऐरोलीकरांच्या उरलेल्या सोळा शहरांपैकी आठ त्यांच्याकडे राहिली आणि आठ शहरे एका नव्या, संगणकाने चालवलेल्या राज्याकडे गेली. खेळाडूंच्या यादीत पाचवे नाव आले. मी खुर्चीतून उठून टाळ्या वाजवल्या, हे कबूल करतो. मग नकाशा नीट पाहिला. माझ्या सरहद्दीला लागून असलेली तिन्ही शहरे त्या नव्या राज्याच्या वाट्याला गेली होती. ऐरोलीकरांना जे जे तंत्रज्ञान येत होते ते सगळे त्यालाही येत होते, त्या शहरांतल्या तुकड्याही त्याच्याच झाल्या होत्या, आणि त्याच्याशी माझा कसलाही तह नव्हता. नुकत्याच जिंकलेल्या राजधानीत माझ्या तीन जखमी तोफा आणि घोडदळाच्या दोन तुकड्या होत्या. तोफा बचावाला किती उपयोगी पडतात हे खेळणाऱ्यांना सांगायला नको.

दोन पाळ्यांनंतर त्या नवजात राज्याने राजधानी माझ्याकडून घेतली. ‘गड आला पण सिंह गेला’ असे कोणी लिहिण्याआधीच सांगतो, की सिंहासारखे माझ्याकडे काही नव्हतेच आणि गडही राहिला नाही.

म्हणून हा धागा. पाळीपाळीने खेळायच्या अशा खेळांत राजधानी घेतल्यावर शत्रूचे नेमके काय मोडते, आणि ते मोडण्यात आपला फायदा कधी असतो? फ्रीसिव्हपुरतेच लिहावे असे नाही. मात्र ‘राजधानी घेतली की शत्रू खचतो’ अशी मोघम उत्तरे नकोत. ऐरोलीकर काल रात्री जाताना मुळीच खचलेले दिसले नाहीत, उलट जिन्यात शीळ वाजवत गेले.

गणित मास्तर | रविवार, दुपारी १२:१५

आधी तुमच्या प्रसंगाचा हिशोब मांडतो, कारण यादवी हा नशिबाचा खेळ असला तरी त्याचे नियम स्पष्ट आहेत.

पहिली अट शहरांच्या संख्येची. सर्व्हरमध्ये ‘सिव्हिलसाइझ’ नावाचे एक मूल्य असते आणि ते न बदलल्यास १० असते. ज्याच्याकडे किमान तेवढी शहरे आहेत, त्याचीच राजधानी पडल्यावर यादवीचा फासा टाकला जातो. दुसरी बाब राज्यपद्धतीची. रूढ नियमांप्रमाणे अराजकात यादवीची शक्यता ९० टक्के धरली जाते, एकाधिकारशाहीत ८०, राजेशाहीत ७०, साम्यवादात ५०, प्रजासत्ताकात ४० आणि लोकशाहीत ३०. त्यावर, ज्या ज्या शहरात दंगल चालू आहे त्या प्रत्येकामागे ५ टक्के वाढतात आणि ज्या ज्या शहरात उत्सव चालू आहे त्या प्रत्येकामागे ५ टक्के घटतात. हे आकडे नियमसंचाच्या फाइलमध्ये बदलता येतात, त्यामुळे तुम्ही दुसरा नियमसंच वापरत असाल तर आधी ती फाइल उघडून पाहावी.

यातून एक गमतीची गोष्ट निघते. राजधानी जाणार हे ज्याला एक पाळी आधी कळले, तो लक्झरीचा दर (करातला लोकांच्या चैनीवर जाणारा वाटा) शक्य तितका वर नेऊन शहराशहरांत उत्सव सुरू करू शकतो आणि यादवीची शक्यता शून्याखालीही नेऊ शकतो. सतरा शहरांच्या लोकशाहीत सहा उत्सव म्हणजे ३० वजा ३०. फासा टाकण्याचा प्रश्नच उरत नाही. म्हणजे तुमच्यासारखा अकरा पाळ्यांचा वेढा हा शत्रूला दिलेली अकरा पाळ्यांची नोटीस असते. राजधानी पाडून राज्य फोडायचे असेल तर वेढा नको, छापा हवा: समुद्रातून किंवा रेल्वेने एकाच पाळीत. आणि राज्य फुटू द्यायचे नसेल, केवळ शहर हवे असेल, तर मात्र शत्रूला सावध करून, त्याच्या शहरांत उत्सव होऊ देऊन मगच आत शिरावे. दुसरा पर्याय ऐकायला विचित्र वाटतो, पण तुमच्या कालच्या परिस्थितीत तोच बरा होता.

यादवी झाली तर मूळ खेळाडूचा खजिना निम्मा होतो आणि त्याचे राज्य अराजकात जाते, हे तुमच्या लेखनात आलेले नाही. ऐरोलीकरांना तो फटका बसलाच असणार. मात्र निम्मा खजिना तुम्हाला मिळत नाही, तो नव्या राज्याला मिळतो. तुम्ही तोफा झिजवून एका तिसऱ्याच राज्याला भांडवल पुरवले, असा याचा सरळ अर्थ आहे.

आणखी एक. ‘सेव्हपॅलेस’ नावाचे मूल्य मुळात चालू असते. त्यामुळे राजधानी पडली की राजवाडा आपोआप, एक पैसा न घेता, दुसऱ्या कोणत्या तरी शहरात उभा राहतो, आणि ते शहर यदृच्छेने निवडले जाते. यात सुप्त नुकसान आहे. भ्रष्टाचार आणि नासाडी ही राजधानीपासूनच्या अंतरावर ठरते. राजवाडा नकाशाच्या एखाद्या टोकाला जाऊन पडला, तर दुसऱ्या टोकाच्या शहरांचे उत्पन्न त्याच पाळीपासून गळू लागते. ऐरोलीकरांची नवी राजधानी कुठे झाली ते कळवावे.

खारघरकर | रविवार, दुपारी १:०५

मी काल त्याच खोलीत होतो. नवी राजधानी दक्षिणेकडच्या मासेमारीच्या बेटावर झाली आहे, जिथे त्यांची इनमिन दोन शहरे आहेत. मुख्य भूमीवरची सहा शहरे आता समुद्रापलीकडून चालवावी लागतील. तरीही ते शीळ वाजवत गेले, याचे मलाही आश्चर्य वाटले.

जुना खेळगडी | रविवार, दुपारी ४:३०

यादवीची ही कल्पना फ्रीसिव्हची नव्हे. १९९१ च्या पहिल्या सिव्हिलायझेशनमध्येही मोठ्या साम्राज्याची राजधानी घेतली की ते दुभंगू शकत असे, आणि ३८६ संगणकावर तो संदेश पहिल्यांदा पाहिला तेव्हा मीही टाळ्या वाजवल्या होत्या. दुसऱ्यानंतरच्या भागांनी मात्र हा धागा सोडून दिला, आणि राजधानीचे वजन प्रत्येक भागात वेगळ्याच ठिकाणी बांधले. माझे म्हणणे एवढेच आहे, की राजधानी या शब्दाला स्वतःचे वजन नसते. तिला जे दोर बांधलेले असतात, ते तुटतात. ते दोर कोणते, हे आधी मोजावे आणि मग तोफा ओढाव्यात.

चौथ्या भागात (२००५) राजधानी पडली की राजवाडा दुसऱ्या शहरात जातो, राज्य फुटत नाही. पण त्या भागात नोकरशाही नावाची एक व्यवस्था आहे, जी राजधानीचे उत्पादन आणि व्यापार दोन्ही ५० टक्क्यांनी वाढवते. खेळाडू आणि संगणक दोघेही मग राजधानीतच विद्येची सगळी इमारत उभी करतात, भोवती वस्त्या वाढवत नेतात. अशा शत्रूची राजधानी घेतली की व्यवस्था कागदावर तशीच राहते, पण ते ५० टक्के आता एखाद्या फुटकळ शहराला लागू होतात. मी एकदा असा वार सोसला आहे. संशोधनाचा आकडा एका पाळीत जवळजवळ निम्म्यावर आला, आणि खजिन्यात शिल्लक असूनही तो पुढच्या पन्नास पाळ्यांत सावरला नाही. उलट ज्याने साम्यवादी धर्तीची ‘राज्याची मालमत्ता’ ही व्यवस्था घेतली आहे, त्याला राजधानीपासूनच्या अंतराचा खर्चच लागत नाही, आणि त्याची राजधानी घेतली तरी बाकीची शहरे फारशी हलत नाहीत.

त्याच भागाच्या २००७ च्या पुरवणीत एक फार मोलाचा दोर आहे: अंतराळयान. यान उडाल्यावर ते पोहोचायला काही पाळ्या लागतात, आणि तेवढ्या अवधीत ज्याचे यान आहे त्याची राजधानी पडली तर यान वाया जाते. फ्रीसिव्हमध्येही हाच नियम आहे. हरत आलेल्या डावात दुसरे काहीही न बघता, सगळे आरमार एका किनाऱ्यावर ओतून, एका शहरासाठी लढण्याचे समर्थन होऊ शकेल असा माझ्या माहितीतला हा एकच प्रसंग. तिथे ते शहर पुढच्या पाळीत हातून गेले तरी चालते.

पाचव्या भागात (२०१०) तर राजधानी हे जिंकण्याचेच माप आहे. मूळ राजधान्यांना बेचिराख करता येत नाही. सुरुवातीला नियम असा होता, की स्वतःची मूळ राजधानी राखून असलेला जो शेवटचा उरेल तो जिंकला. त्यामुळे दुसऱ्याने चार राजधान्या घ्याव्यात आणि आपण फक्त त्याची एक घ्यावी, एवढ्यावर डाव मारता येत असे. पुढे नियम बदलून सर्व मूळ राजधान्या आपल्या ताब्यात असणे आवश्यक केले. या भागात जिंकलेली राजधानी पोटात घ्यायची (थेट आपल्या राज्यात जोडायची) की बाहुले म्हणून (अंकित) ठेवायची, याचा विचार घेण्याआधीच करावा, कारण शहर हाती येते तेव्हा लोकसंख्या निम्मी झालेली असते, काही पाळ्या प्रतिकार चालतो, आणि पोटात घेतलेल्या शहराची नाराजी न्यायालय बांधेपर्यंत तुमच्या सगळ्या राज्याच्या डोक्यावर बसते. बाहुले ठेवले तर तिथे काय बांधायचे ते तुम्ही ठरवू शकत नाही. मी बहुधा बाहुलेच ठेवतो आणि वीसेक पाळ्यांनी पोटात घेतो.

रस्त्यांचेही पाहावे. पाचव्या भागात शहरे राजधानीशी रस्त्याने किंवा बंदराने जोडलेली असली तरच जोडणीचे सोने मिळते. शत्रूने वर्षानुवर्षे सगळे रस्ते एका शहराकडे आणलेले असतात आणि आता ते शहर तुमचे असते. त्याची नवी राजधानी आडबाजूला झाली, तर रस्ते आहेत पण उत्पन्न नाही आणि रस्त्यांचा देखभाल खर्च मात्र चालू, अशी त्याची गत होते. तुमच्या ऐरोलीकरांच्या बेटासारखीच.

वाशीचा पाहुणा | रविवार, संध्याकाळी ७:२०

सहाव्या भागाबद्दल (२०१६) लिहितो, कारण नौपाडेकरांचे दुःख मला तिथे भेटले.

मूळ राजधान्या घेणे हेच तिथेही लष्करी विजयाचे माप आहे. पण २०१८ च्या पुरवणीत निष्ठा हा प्रकार आला आणि सगळे गणित फिरले. नऊ घरांच्या आतल्या प्रत्येक शहराची लोकसंख्या शेजारच्या शहरांवर दाब टाकते. शत्रूची राजधानी म्हणजे बहुधा त्याच्या दाट वस्तीच्या अगदी मध्यावरचे शहर. तुम्ही थेट तिच्यावर झडप घातली, तर तुमचे नवे शहर चारही बाजूंनी त्याच्या लोकांच्या दाबाखाली असते आणि काही पाळ्यांत एकही गोळी न झाडता बंड करून स्वतंत्र होते. सुभेदार नेमला तर निष्ठेत आठची भर पडते, पण आतल्या शहरात तेवढे पुरत नाही.

म्हणून मी आता कडेची दोन शहरे आधी घेतो, राजधानी तिसरी. हे हळू होते, हे खरे. मास्तरांनी सुचवलेल्या छाप्याच्या नेमके उलट आहे, पण खेळ वेगळा आहे. याच कारणाने ‘कोणत्याही खेळात राजधानी आधी’ अशी शिफारस करणाऱ्यांचे मला नवल वाटते.

गडवाट | रविवार, रात्री ९:५०

खेळाच्या धाग्यावर इतिहास आणतो आहे, पण विषय सोडून नाही.

‘सेव्हपॅलेस’ हे मूल्य वाचताना मला १६८९ आठवले. त्या वर्षी मार्चमध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली आणि वर्ष संपण्यापूर्वी रायगड मोगलांच्या हाती गेला. येसूबाई आणि शाहू कैदेत गेले. राजधानी पडली, राजपरिवार सापडला, खेळाच्या भाषेत सांगायचे तर फासा पडण्याची सगळी तयारी होती. पण राजाराम महाराज आधीच गडाबाहेर पडले होते आणि त्यांनी पुढे जिंजी गाठली. राजवाडा नकाशाच्या दुसऱ्या टोकाला गेला. जिंजी १६९८ पर्यंत टिकली, त्यानंतर राजधानी साताऱ्याला आली, १७०० मध्ये सातारचा किल्लाही गेला, आणि तरी ताराबाईंच्या कारकिर्दीत लढाई चालूच राहिली. औरंगजेब १७०७ साली दख्खनमध्येच वारला. एका माणसाने तीन राजधान्या घेतल्या आणि डाव जिंकला नाही.

याचे कारण मला जुन्या खेळगड्यांच्या शब्दांत सांगता येते: दोर राजधानीला बांधलेलेच नव्हते. सरदार आपापल्या मुलुखातून लढत होते, वसूल तिथल्या तिथे होत होता. अशा राज्यात मध्यभागी तोफ डागली तर आवाज होतो, बाकी काही नाही. विजयनगरचेही पाहा. १५६५ च्या लढाईनंतर राजधानी लुटली गेली, पण राज्यकर्ते पेनुकोंड्याला गेले आणि राज्य, लहान होऊन का होईना, चालू राहिले.

उलट बाजूचे उदाहरण आपल्या पायाखाली आहे. ठाण्याचा किल्ला, जिथे आज मध्यवर्ती कारागृह आहे, मराठ्यांनी १७३७ मध्ये घेतला आणि वसई दोन वर्षांनी, १७३९ मध्ये. वसई ही पोर्तुगीजांच्या उत्तर प्रांताची राजधानी होती. चिमाजी अप्पांच्या मोहिमेत ती पहिल्या दिवशी पडली नाही. आधी साष्टी गेली, ठाणे गेले, भोवतालची ठाणी गेली, आणि मग वेढा. वाशीच्या पाहुण्यांचा क्रम तोच आहे. वसई पडल्यावर उत्तर प्रांतातला पोर्तुगीजांचा कारभार मोडला, पण गोव्याला काही झाले नाही. तिसऱ्या सिव्हिलायझेशनमध्ये ‘निषिद्ध राजवाडा’ म्हणून जे भ्रष्टाचार रोखणारे दुसरे केंद्र बांधता येते, ते घेतल्यासारखे हे झाले.

सातवा मजला | रविवार, रात्री १०:३५

इतिहासाचा मान राखून सांगतो, की खेळ इतिहासासारखा वागतो म्हणून नव्हे, तर नियम तसा लिहिला आहे म्हणून राज्य फुटते. ‘ॲडव्हान्स वॉर्स’ या पाळीपाळीच्या युद्धखेळात शत्रूचे मुख्यालय घेतले की डाव तिथेच संपतो. मुख्यालयाला वीस गुण असतात, पूर्ण दहा बळाची पायदळाची तुकडी त्यावर दोन पाळ्या उभी राहिली की झाले. मग शत्रूकडे चाळीस रणगाडे असले तरी त्यांना अर्थ नाही. तिथे सरदार, मुलूख, वसूल कसलाच प्रश्न येत नाही. म्हणून उदाहरणे सुंदर असली तरी, नियमसंचाची फाइल आधी वाचावी, हे मास्तरांचे वाक्य मला जास्त उपयोगी वाटते.

आणि नौपाडेकरांना एक प्रश्न. आत घालायला तुमच्याकडे घोडदळ होते, मागे ठेवायला बंदूकधारी का नव्हते? माझ्या मते यादवीपेक्षा ही चूक मोठी आहे.

नौपाडेकर | रविवार, रात्री ११:००

होते. दोन पाळ्या मागे, जंगलात चालत होते. साडेदहा वाजत आले होते, आणि पुढच्या शनिवारपर्यंत ऐरोलीकरांना विचार करायला वेळ मिळू नये म्हणून मी घाई केली. राजधानी परत गेली त्या दोन पाळ्या आम्ही दहा वाजून वीस मिनिटे ते साडेदहा या वेळात उरकल्या, त्यामुळे माझे बंदूकधारी वेशीपर्यंत पोहोचले तेव्हा वेस दुसऱ्याचीच होती.

ऐरोलीकर | सोमवार, सकाळी ८:१०

गाडीत बसून सगळे प्रतिसाद वाचले. ज्यांचे राज्य फुटले त्यांचेही म्हणणे नोंदवले जावे म्हणून लिहितो.

मास्तर, तुमचा हिशोब बरोबर आहे, फक्त माझ्या बाजूने पुरा करतो. माझे राज्य प्रजासत्ताक होते, म्हणजे मूळ ४० टक्के. तटावरचे शेवटचे दोन बंदूकधारी उरले तेव्हाच मला राजधानी जाणार हे कळले होते आणि त्याच पाळीत मी लक्झरीचा दर वर नेला. ज्यांना वाटते की दर वाढवला की लगेच उत्सव सुरू होतो, त्यांच्यासाठी सांगतो: उत्सव पाळी बदलतानाच लागतो. पाळी बदलली तेव्हा माझ्या तीन शहरांत उत्सव लागला. पंधरा टक्के वजा झाले. आमच्याकडे सगळे एकाच पाळीत एकदम चालतात, त्यामुळे पाळी बदलल्यावर नौपाडेकरांच्या घोडदळाने आत शिरायला काही सेकंदच घेतले, तोवर मी चहाचा कपही खाली ठेवला नव्हता.

पण दोन शहरांत दंगल होती, आणि ती लक्झरीने शमली नाही. तिचे कारण खारघरकरांनी लिहिलेले नाही, म्हणून मी लिहितो. माझ्या तोफा आणि घोडदळ त्यांच्या मुलुखात होते. प्रजासत्ताकात तुकडी सरहद्दीबाहेर आक्रमणाला गेली की ज्या शहराने ती पोसली आहे तिथे नाराजी वाढते. माझ्या त्या दोन शहरांनी मिळून सात तुकड्या बाहेर पाठवल्या होत्या. त्या सातांपैकी तीन जरी मी राजधानीत परत आणल्या असत्या, तर दंगलही शमली असती आणि तटावर माणसेही उभी राहिली असती. चाळीस अधिक दहा वजा पंधरा: पस्तीस टक्के. फासा पस्तीसात पडला.

म्हणजे राजधानीवरचा वेढा मी पाहात होतो, पण माझे राज्य खरे तर पूर्वेकडच्या त्या मोहिमेने पोखरले होते. नौपाडेकरांनी फक्त भिंत ढकलली.

आता शीळ का वाजवत होतो, ते. यादवी होताच माझे राज्य अराजकात गेले आणि खजिना निम्मा झाला, हे खरे. बेटावर राजधानी गेल्यामुळे मुख्य भूमीची सहा शहरे भ्रष्टाचाराने बेजार होणार, हेही खरे. तिथे न्यायालये बांधायला घेतो आहे. पण नकाशा पाहा. फुटून निघालेली आठ शहरे ही मुख्यतः नौपाडेकरांच्या आणि माझ्या मधली आहेत. गेल्या चाळीस पाळ्या मला त्या सरहद्दीवर दहा-बारा तुकड्या अडकवून ठेवाव्या लागत होत्या, आता तो भार संगणकाने घेतला आहे. माझी खारघरची आघाडी अजून उभी आहे. मागच्या दाराला फुकटचा पहारेकरी मिळाला, तर माणूस शीळ का वाजवणार नाही?

एक दुरुस्ती सुचवतो. धाग्याच्या शीर्षकात ‘शत्रूची’ राजधानी आहे. ज्याची राजधानी जाते त्याच्यासाठीही एक प्रश्न विचारायला हवा: जी जाणारच आहे, ती कोणाच्या हाती, कोणत्या पाळीत आणि कोणत्या स्थितीत जावी? गोदामे रिकामी करून, कामाच्या तुकड्या बाहेर काढून, खजिना शक्य तेवढा खर्च करून राजधानी सोडता येते. खजिन्याची लूट आणि यादवीची वाटणी दोन्ही शिल्लक सोन्यातूनच होतात. मी शेवटच्या पाळीत तीनशे सोने खर्चून मंदिरे विकत घेऊन टाकली, ती लुटीत गेली नाहीत.

गणित मास्तर | सोमवार, सकाळी ९:३०

ऐरोलीकर, तुमची पस्तीस टक्के ही बेरीज तपासली, बरोबर आहे. खजिना आधी खर्च करण्याचा मुद्दा माझ्याकडून सुटला होता.

एका गोष्टीबद्दल मात्र सावध करतो. तुमचा तो ‘पहारेकरी’ तुमच्याशीही तहात नाही. तो तुमच्याच राज्यातून फुटून निघाला आहे, आणि त्याच्याकडे तुमच्याइतकेच तंत्रज्ञान आणि तुमचा निम्मा खजिना आहे. तुम्ही अराजकात असताना तो नसेल, तर पहिली पाळी त्याची.

नौपाडेकर | सोमवार, रात्री १०:१५

सर्वांचे आभार. माझ्या बाजूने आता एवढे ठरले आहे. पडलेल्या राजधानीकडे मी इतक्यात फिरकणार नाही. नव्या राज्याशी शनिवारी पहिल्याच पाळीत तहाची बोलणी करतो, हवे तर एखादे तंत्रज्ञान देतो. ते राज्य ऐरोलीकरांवर उलटले तर ते माझ्या तोफांपेक्षा स्वस्त पडेल. बंदूकधारी जंगलातून परत बोलावले आहेत.

सातव्या मजल्याने काल जिन्यात सुचवले, की सिव्हिलसाइझ दहावरून वीसवर न्यावे म्हणजे ही भानगड पुन्हा होणार नाही. डाव चालू असताना नियम बदलणे मला पटत नाही, पण ज्याचे राज्य फुटले त्याला विचारणे बरे. ऐरोलीकर, तुमचे काय मत?

ऐरोलीकर | सोमवार, रात्री १०:४०

दहाच राहू द्यावे. आता माझी आठ आहेत, मला भीती नाही. तुमची चौदा आहेत.

खारघरकर | सोमवार, रात्री १०:५५

माझी नऊ आहेत. नदीकाठी दहावे वसवायला निघालेली माझी तुकडी मी आत्ताच मनातल्या मनात परत फिरवली.